कोळिणीच्या वेशात

काठीच्या टोकाने माझ्या आईचं लुगडं गुडघ्याच्या वर उचलून वॉचमनने विचारलं, "इसके अंदर क्या छुपाया है?"

भर दुपारी. टॉवरच्या मोठ्या गेटसमोर. आजूबाजूला ही एवढी माणसं, आणि एकजणही म्हणाला नाही की काठी खाली घे. आई रस्त्यावर बसलेली. म्हणजे बसवलेली. पाटी उलटी पडलेली, बोंबील आणि कोलंबी डांबरावर, त्यावर कुणाकुणाचे बूट. एक बाई आईच्या गळ्यातली सोन्याची सर बोटाने उचलून दुसरीला दाखवत होती. एवढं सोनं हिच्याकडे आलं कुठून, असं तिचं म्हणणं.

आमच्या बायका सोनं अंगावर घालूनच मासे विकायला बसतात. आजीचं आईकडे आलं, आईचं माझ्याकडे येईल. कपाटात कुलूप लावून ठेवायची आमची रीत नाही. पण ऐकायला कोण होतं तिथे? तिथे फक्त बघायला आणि फोटो काढायला माणसं होती.

मी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे. शनिवारी लवकर सुटते. रिक्षातून कोलशेतला येत होते, लांबून गर्दी दिसली. म्हटलं, ॲक्सिडंट झाला असेल, सिमेंट मिक्सरच्या गाड्या काय वाटेल तशा पळवतात इथे. मग पाटी दिसली. तिच्या काठाला हिरवी दोरी मीच गुंडाळून दिलेली. रिक्षा थांबायच्या आधीच उतरले.

काय झालेलं ते आधी सांगते, कारण त्या गर्दीला ते कधीच ऐकायचं नव्हतं.

आमच्या कोळीवाड्यात पोर हरवलं तर ते ज्याला सापडेल त्याने दारोदार विचारत बसायचं नाही. उचलायचं आणि सरळ गावदेवीच्या ओट्यावर आणून बसवायचं. घंटा बडवायची. कारण खाडी जवळ. पोराला शोधत आई-बाप येड्यासारखे पाण्याकडे धावतात, आणि पाण्याकडे जायची वाट देवळावरूनच जाते. घंटा ऐकली की जीव भांड्यात पडतो. मी स्वतः लहानपणी दोनदा त्या ओट्यावर बसून रडलेय, आणि आई मला तिथूनच धपाटा घालून घेऊन गेलीय. कितीतरी पोरं आईने तिथे नेऊन बसवली असतील. गावात तिला त्यासाठी चिडवतातही, देवीची पोस्टमन म्हणून.

त्या दुपारी टॉवरच्या मागच्या लहान गेटातून एक पोर बाहेर आलेलं. दीड-दोन वर्षांचं. अनवाणी. तापलेल्या रस्त्यावर उभं राहून टाहो फोडत होतं. आई निम्मा माल विकून येत होती. तिने पाटी डोक्यावर ठेवूनच त्याला काखोटीला मारलं, ऊन लागू नये म्हणून पदर त्याच्या डोक्यावरून घेतला, आणि देवळाची वाट धरली. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. कसं येणार? ती जन्मभर हेच करत आलेली.

मागून वॉचमनने बघितलं. काळी बाई, गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर पाटी, पदराखाली पोर, आणि चाललीय गेटपासून लांब. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर येत होते. झालं. बोंब उठली. पोर काढून घेतलं. आईला ओढत आणलं.

मी गर्दीत घुसले तेव्हा माझ्या अंगात पँट-शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड. एका माणसाने लगेच मला वाट करून दिली. "मॅडम, आप पीछे रहिए, ये लोग चाकू वगैरे रखते हैं।" मॅडम. मला मागे राहायला सांगत होता, माझ्या जिवाच्या काळजीने. आईपासून.

आईने मला बघितलं आणि मान खाली घातली. तिला मला वाचवायचं होतं. ओळख दाखवू नको, असं ती न बोलता सांगत होती. तिची हनुवटी थरथरत होती. माझ्या आईची! जी बंदरावर माल उतरवताना व्यापाऱ्यांच्या सात पिढ्या काढते.

मी घाबरले होते. खोटं कशाला बोलू? डोक्यात एकच, हे लोक मारून टाकतात. कुठे कुठे मारलंय, सगळ्यांनी व्हिडिओ बघितलेत. एकाने हात उचलला की सगळे उचलतात.

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

आणि मला वाट करून दिलेली ती बंद झाली. मी बघितलं ते. माणसं माझ्या कार्डाकडे बघत होती ती आता माझ्या तोंडाकडे बघायला लागली. रंग बघितला. नाक बघितलं. केस बघितले. सर उचलून दाखवणारी बाई म्हणाली, "हां, दिखता है." आता तो मॅडम म्हणणारा माझ्या बॅगेकडे बोट दाखवून म्हणाला, हिचीपण बॅग चेक करा.

ऑफिसात मला मुली सांगतात, तू कोळी वाटतच नाहीस गं. त्यांना वाटतं ते कौतुक. मलाही कधी कधी बरं वाटायचं, झूठ कशाला बोलू. त्या दिवशी कळलं की कोळी न वाटणारी मी नव्हतेच, ती माझी पँट होती.

शेवटी पोराची आजी आली. म्हातारी, चष्मा, हातात मोबाईल. तिने आईला ओळखलं. ओळखणारच, दर बुधवारी पापलेट घ्यायची, वर्षानुवर्षं. म्हणाली, अहो, ही तर आमची कोळीण. गर्दीतला जोर ओसरला. मला वाटलं, आता ही म्हातारी आईला हात देऊन उठवेल. तिने पोराला छातीशी धरलं आणि म्हणाली, "पण असं न विचारता मूल उचलतं का कुणी?" आणि लिफ्टकडे निघून गेली. पोर मात्र मागे वळून आईकडे हात करत होतं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. स्वच्छ पांढरा कुर्ता, भाषा एकदम शुद्ध. आम्हाला केबिनमध्ये बसा म्हणाले नाहीत. उभ्या-उभ्याच समजावलं.

"हे बघा, गैरसमज झाला, मान्य आहे. पण तुमच्या आईंचा अवतारच असा आहे, की लोक घाबरणारच."

घाबरणारच. कोण घाबरलेलं तिथे? काठी कुणाच्या हातात होती?

पुढे त्यांनी ठरवून टाकलं. आईने उद्यापासून मागच्या गेटने यायचं. ओरडून मासे विकायचे नाहीत. आणि साधी गोल साडी नेसून यायचं, म्हणजे लोकांना बरं वाटेल. आई म्हणाली, "हो साहेब." मला फक्त तिला तिथून जिवंत घरी न्यायचं होतं. आम्ही वाकून मासे गोळा करत होतो तेव्हा कुणीतरी पुन्हा फोटो काढला.

घरी आल्यावर आई मोरीत बसून पाय धूत राहिली. कितीतरी वेळ. "पोर रडत व्हता गो बाय," एवढंच म्हणाली. "देवीजवल नेत व्हते मी."

दिवेलागणीला विठ्ठलवाडीहून मावशीचा फोन. रडत होती. तिच्या चाळीच्या ग्रुपवर आईचा फोटो आलेला. खाली बसलेली आई, पाटी, लुगडं. वर लिहिलेलं: सावधान, कोळिणीच्या वेशात फिरणारी मुलं पळवणारी बाई.

कोळिणीच्या वेशात! अरे, माझी आई कोळिणीच्या वेशात नव्हती. ती कोळीण होती. तिच्या आईचं, आजीचं, खापरपणजीचं लुगडं होतं ते. टॉवर कालचे. जिथे गेट आहे तिथे मिठागर होतं, आजी तिथून चालत जायची.

पण हे मी कुणाला ओरडून सांगू? फोटो विठ्ठलवाडीला गेला म्हणजे कल्याणला गेला, डोंबिवलीला गेला. फोटो परत बोलावता येत नाही. आई कुठेही उतरली आणि कुणाच्या खिशात तो फोटो असला तर? मी ऑफिसातून दर थोड्या वेळाने फोन करायचे. तिने उचलला नाही की हातातला पार्ट तसाच ठेवून बाहेर पळायचे. ती म्हणायची, जिवंत हाय गो, कोलंबी सोलते. मी ठेवायचे आणि पुन्हा लावायचे.

आईने माझी गोल साडी मागून घेतली. त्यात तिला चालता येईना. होडीजवळ चिखलात उतरायची तर साडी पायात यायची, दोन वेळा पडली. मागच्या गेटने जायची, हळू आवाजात दारं वाजवायची. मासे घेताना लोक म्हणायचे, आता कशी छान दिसतेस. ती हसायची. हे हसणं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

आणि मग तो रविवार.

आम्ही बंदरावर जाळं सुकवत होतो. शेजारच्या वहिनीचं पोर, नुकतेच पाय फुटलेलं, एकटंच उताराने पाण्याकडे निघालेलं. आई त्याच्या अगदी जवळ. हात लांब केला असता तर दंड हातात आला असता. तिने बघितलं. आणि दोन्ही हात मागे घेतले. पाठीमागे, घट्ट धरून. जागेवर उभी राहून ओरडायला लागली, "आगो कोनतरी या! पोर पान्यात चाललाय! मी नाय उचलनार, मी नाय!"

मी कशी धावले ते माझं मला माहीत. पोराच्या कमरेपर्यंत पाणी आलेलं. मी त्याला ओढून छातीशी घेतलं, आणि आई अजून तशीच उभी. हात मागे. ओरडतेय. स्वतःच्या कोळीवाड्यात, स्वतःच्या माणसांत, दुसऱ्याच्या पोराला हात लावायला घाबरलेली.

त्या लोकांनी तिच्याकडून काय काढून घेतलं ते मला तिथे कळलं. माझी भीती तेवढीच राहिली, पण आता ती मला मागे नाही, पुढे ढकलत होती. मी पोराला घेऊन देवळात गेले, ओट्यावर बसवलं आणि घंटा बडवली. सगळा गाव जमेपर्यंत बडवत राहिले.

घरी येऊन पेटीतून लुगडं काढलं. आई नको नको म्हणत होती. मी म्हटलं, नेस. तिला नेसताना माझ्याकडे बघवत नव्हतं. सर मी तिच्या गळ्यात घातली. पाटी मी घेतली. टॉवरच्या पुढच्या गेटवर गेलो.

वॉचमनने काठी आडवी धरली. सेक्रेटरी खाली आले. म्हणाले, असं ठरलं नव्हतं.

"ठरलं नव्हतंच," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलेलं. आम्ही घाबरून ऐकलेलं."

पुढे सांगितलं, की लुगड्याला काठी कुणी लावली आणि फोटो कुणी काढला हे आम्ही पोलिसांत लिहून देणार आहोत, आणि तुमच्या गेटचा कॅमेरा मागणार आहोत. त्यांचा चेहरा उतरला. काठी मात्र आडवीच होती. आई काठीच्या अलीकडे बसली. पाटी उतरवली, आणि पहिल्यासारखी हाक मारली. आवाज फाटला. तिने पुन्हा मारली. त्या दिवशी एकही गिऱ्हाईक खाली आलं नाही. म्हातारी बाल्कनीत उभी होती, आत गेली.

आम्ही उद्याही जाणार आहोत. फोटो अजून फिरतोय. रस्त्यात कुणी मोबाईलमध्ये बघून आईकडे बघितलं की माझं रक्त गोठतं, आणि ते गोठायचं थांबेल असं मला वाटत नाही.

पण पुन्हा कुणाचं पोर त्या रस्त्यावर रडताना दिसलं, टॉवरचं असो की कुणाचंही, आई उचलेल. तिचे हात पुढे आले नाहीत तर मी उचलेन. पदर नाही माझ्याकडे, ओढणीने झाकेन. सगळ्यांच्या देखत देवीजवळ नेईन आणि घंटा वाजवेन. या मग काठ्या घेऊन. आम्ही ओट्यावरच बसलेल्या असू.