बिनशेपटीचा बैल

आमच्या साडभाऊंकडे नवे कपडे घालून जायचं धाडस सबंध गोतावळ्यात कुणी करत नाही. पांढरकवड्याला त्यांचं मोटार-वायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपांत तांब्याची तार गुंडाळण्यात हयात गेलेल्या या माणसानं एकदा मोबाइलवर पाहिलं, की लोक हातानं कापडाची पोस्टकार्डं करून अनोळखी माणसांना पाठवतात आणि त्यांचीही मागवतात. त्याच दुपारी माझ्या मेहुणीची ठेवणीतली उशीची खोळ कामी आली.

कृती तशी साधी. दोन बाजूंना कापड, मधे शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ते बकरम, वर चिंध्यांचं चित्र, कडेनं शिलाई. मागे पत्ता आणि तिकीट. पण साधं काही साडभाऊंना मानवत नाही. पाय मारायचा कंटाळा, म्हणून त्यांनी शिलाई मशीनला पंपाची मोटर जोडली. पहिल्याच झटक्यात कार्डासोबत त्यांची लुंगीही शिवली गेली. दारात गिऱ्हाईक उभं, आणि यांना उठता येईना! एकदा मी पाणी प्यायला वळलो, तेवढ्यात माझ्या शर्टाचा खालचा तुकडा त्यांच्या कात्रीत गेला. वर मलाच म्हणाले, "तुमी तं इन करता साडभाऊ, कोणाले दिसून राह्यलं?" त्या तुकड्याचा त्यांनी जवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ केला. केरळातल्या एका बाईंनी बदल्यात सुरेख होडी पाठवली आणि 'तुमची मांजर आवडली' असं कळवलं. साडभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

या साऱ्या उद्योगात एक पत्ता मात्र त्यांना साधत नव्हता. तो मुकुटबनचा, त्यांच्या थोरल्या बहिणीचा. साडभाऊंच्या मुलाच्या लग्नात पहिली हळद लावायचा तिचा मान गडबडीत दुसऱ्याच बाईकडे गेला. ती न जेवता निघून गेली, आणि मग हेही हट्टाला पेटले. वर्षानुवर्षं बोलणं नाही. एके दिवशी त्यांनी निळ्या कापडाचा बैल शिवला. लहानपणी दोघं ज्याच्या मागे रानात जायचे, तो बैल. मागच्या कोऱ्या बाजूवर काय लिहावं ते सुचेना. शेवटी नुसता पत्ता घालून कार्ड पेटीत टाकलं.

महिना गेला, उत्तर नाही. "तिनं फेकलं असन," एवढंच ते म्हणत आणि मशीनकडे पाठ करून बसत. मग एका सकाळी कार्ड आलं. जुन्या लुगड्याच्या काठावर हातानं टाचलेला बैल, आणि मागे वेडंवाकडं लिहिलेलं : "बैलाले शेपूट असते. ये एखादवेळी."

मला गाडीवर मागे बसवून साडभाऊ तडक मुकुटबनला निघाले. बहिणीनं दार उघडलं.

"पाय धू," ती म्हणाली. "भाकर टाकतो."

चुलीपाशी तिनं ना हळदीचा विषय काढला, ना त्यांनी. ताटातली भाकर संपायच्या आत दुसरी पडत होती, आणि "बस झालं बाई" म्हणत ते ती खात होते.

परतताना अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं, पेट्रोल संपलं. पण ते दोन्ही बाजूंच्या कपाशीकडे बघत नुसते उभे राहिले.

"तिचे केस सारे पांढरे झाले, साडभाऊ," ते म्हणाले. "मले कोणी सांगतलंच नाही."