पडद्याआडचा पाचवा

'आयर्न हेरॉन्स' हा चौघांचा बँड. फोटोत चौघे, पोस्टरवर चौघे, मुलाखतीला चौघे. पण ज्या गाण्याने या चौघांना पोटापाण्याला लावलं, त्याची सुरुवात पाचव्याची, इंग्लंडातल्या ग्रिम्सबी गावच्या नेव्हिल ऊर्फ नेव्ह ऑक्सलीची. आधी त्याचा एकट्याचा ऑर्गन, मग बाकीच्यांची धांदल. ते सूर कानावर पडले की लोक खुर्च्या सोडून उठत आणि टाळ्या मात्र गायकाला, ग्लेन प्रॉसरला मिळत. तुम्हीआम्ही एखाद्या दिवशी ऑर्गन समुद्रात ढकलला असता. नेव्ह बावीस वर्षं वाजवत राहिला.

भाड्याच्या वादकाने काळे कपडे घालायचे आणि काळ्या पडद्यामागे बसायचं, असा रिवाज. चौघांच्या चित्रात पाचवं डोकं आलं की चित्र बिघडतं म्हणे. इकडे त्याची आई एडना दर नाताळला एक भडक पिवळा स्वेटर विणून पाठवायची. "स्टेजवर घाल, म्हणजे लांबून ओळखू येशील," अशी सोबत चिठ्ठी. दम्यामुळे ती गाव सोडून कुठे जात नसे आणि खरं काय ते तिला सांगायची नेव्हची छाती झाली नाही. बावीस स्वेटर कपाटात पडून होते.

चौऱ्याण्णव साली दौरा ग्रिम्सबीलाच आला. रविवार दुपारचा कार्यक्रम. एक्क्याऐंशी वर्षांच्या एडनाने तिसऱ्या रांगेतलं तिकीट काढलं. नेव्ह थिएटरात शिरला तो पिवळा स्वेटर घालूनच.

"अंगावर कस्टर्ड सांडलं की काय रे?" ग्लेनने विचारलं.

"आज पडदा नको. आई येतेय."

"आई सगळ्यांनाच असते, बाबा. उद्या ड्रमवाल्याची मावशी येईल. पडदा राहणार."

"मग मी वाजवणार नाही."

"नको वाजवूस. पुढच्या दौऱ्याला दुसरा माणूस घेऊ. रांग लागलीय तुझ्या जागेसाठी."

नेव्ह त्रेपन्न वर्षांचा होता आणि त्याला दुसरं काहीही येत नव्हतं. तो मुकाट्याने पडद्यामागे गेला, ऑर्गन सुरू केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

दिवे लागले. ग्लेनने चार आकडे मोजले. काही नाही. पुन्हा मोजले. ड्रमवाला उगाच खोकला.

"नेव्ह, वाजव," ग्लेन पडद्याकडे तोंड करून दातओठ खात म्हणाला.

"दिसल्याशिवाय नाही," आतून उत्तर आलं, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक बारीक, धाप लागलेला आवाज उठला. "नेव्हिल, तू आहेस का तिथे? काय ते लवकर कर, मला साडेपाचची बस आहे."

हॉलभर हशा पिकला. सगळं गाव नेव्हिलला ओळखत होतं. त्याला आडोशाला बसवलंय हे मात्र त्या क्षणापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. हसता हसता कुणीतरी पाय आपटू लागलं, मग रांगच्या रांग आपटू लागली. ग्लेनने स्वतःच्या हाताने पडदा बाजूला ओढला.

नेव्हने घाई केली नाही. चष्मा पुसला, आईला शोधलं आणि मग वाजवलं. मी तिथे होतो. इतकं उद्धट आणि इतकं सुंदर मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ग्लेनने त्याला दोनच शब्द ऐकवले, "संपलं तुझं." नेव्हने तेच बसथांब्यावर आईला सांगितलं. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, तर बावीस वर्षांचा पडदाही सांगून टाकला.

एडनाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी चर्चमध्ये ऑर्गनवर बसवताना घालायची तसा.

"तरीच पाठ एवढी वाकलीय तुझी. बावीस वर्षं 'सरळ बस' म्हणणारंच कुणी नव्हतं."

बस उशिरा आली. येईपर्यंत नेव्ह ताठ बसून होता.