डब्याच्या पाठीवरचा क्रमांक

लोहारा सोडून आम्ही हैदराबादला आलो, त्या सकाळचे तीन वृत्तान्त सध्या गावात प्रचलित आहेत. माझा धाकटा बंधू नामदेव लग्नाकार्यात सांगतो, की टेम्पोत बसताना मी रडलो. शेजाऱ्यांचे म्हणणे असे, की माझ्या मुलाने, विकासने, आम्हा उभयतांना गळ घालून ओढून नेले. तिसरा वृत्तान्त माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरतो, आणि तो असा, की सरांनी जाताना जलीलच्या दुकानातून जुना संगणक घेतला आणि जलीलने त्यांना फसवले. तिन्ही वृत्तान्त खोटे आहेत. गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनीही ते एकदा नीट समजून घ्यावे.

मे महिना होता. टेम्पो भरून झाला होता; लोखंडी कपाट, गाद्या, हिच्या सांडग्या-पापडांचे डबे. बसस्थानकाजवळ जलीलच्या दुकानापाशी मी टेम्पो थांबवला, कारण संगणक तेथून उचलायचा होता. जलील पाचवी ते दहावी माझ्या हाताखाली शिकला. आता त्याचे वय पंचेचाळीसच्या पुढे आहे. संगणक आणि मोबाइल दुरुस्त करतो, आणि कार्यालयांनी काढून टाकलेली यंत्रे लिलावात घेऊन, साफ करून विकतो. माझे यंत्र तशा एका कार्यालयातून आलेले होते, हे त्याने मला आधीच सांगितले होते. त्या वेळी बाजारात वीज नव्हती. संगणकाचा डबा दोन्ही हातांत घेऊन तो बाहेर आला आणि म्हणाला, "सर, याच्यातली एक गोष्ट ऱ्हायलीय, लाईट असती तर म्या..."

मी त्याला थांबवले. टेम्पोचालक घाई करत होता, आणि दुकानापुढे चार माणसे पाहत होती. मी म्हणालो, "जलील, मला शिकवू नकोस. तुला पाचवीपासून मी शिकवलंय." चौघे हसले. जलीलही हसला आणि डबा गाद्यांच्या मधे अलगद ठेवून बाजूला झाला.

मी रडलो नाही. मी टेम्पोचालकावर चिडलो होतो, आणि चिडलो की माझे डोळे लाल होतात, हे नामदेवला साठ वर्षांपासून ठाऊक आहे. विकासने मला ओढून नेले, हेही खोटे. हिच्या गुडघ्यांना आमच्या घराच्या पायऱ्या झेपेनाशा झाल्या होत्या आणि निर्णय माझा होता.

घर सोडण्याचा प्रसंग माझ्यावर दुसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा मी आठवीसाठी उमरग्याला गेलो. आमचे वडील मेंढरे राखत. कळप सोडून ते शिवेपर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "कुठंबी जा. पर हाक मारली तर ऐकू यील, इतकंच लांब जा." त्यांची हाक दोन माळ ओलांडून जात असे, त्यामुळे मला ती अट सोपी वाटली होती.

हैदराबादेत आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, वायफाय आहे, पाणी चोवीस तास आहे. परके असे फारसे काही वाटले नाही. दारावरचा वॉचमन खैरियत विचारतो तेव्हा लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात कोणी भेटल्यासारखे वाटते. मी संगणक खिडकीशी मांडला, डब्याची पाठ भिंतीला लावली आणि शाळेच्या आठवणी लिहायला बसलो. रोज सकाळी दोन तास, नियमाने.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरे उमटली. ऑपरेटिंग सिस्टीम सक्रिय करा, असे ती सांगत होती. मी दुर्लक्ष केले. एक प्रकरण पूर्ण झाले, त्या आनंदात पडद्याचे छायाचित्र काढून विद्यार्थ्यांच्या गटावर पाठवले. प्रकरण कोणी वाचले नाही. कोपरा मात्र सर्वांनी वाचला. एकाने लिहिले, "सर, कॉम्प्युटर दोन नंबरचा दिसायलाय." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दुसऱ्याने विचारले, "जलीलकडचा का?"

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होईपर्यंतच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हजेरीपत्रकावर कधी खाडाखोड झाली नाही. मी तत्काळ उत्तर लिहिले. मी ही वस्तू रीतसर विकत घेतली आहे. त्यात काही काळेबेरे असल्यास त्याचा जाब विकणाऱ्याला विचारावा. हे वाक्य मी लिहिले. नामदेवने नव्हे, शेजाऱ्यांनी नव्हे. जलील त्या गटात होता. दुसऱ्या दिवशी तो गटात नव्हता.

पुढचे आठ दिवस मी आणि विकासने त्या यंत्राशी झुंज दिली. तपशिलात गेले की एक सांकेतिक क्रमांक दिसे आणि त्याखाली एक वाक्य: तुमच्या संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही, संस्थेच्या नेटवर्कला जोडून घ्या आणि पुन्हा प्रयत्न करा. तारीख आणि वेळ चुकल्यानेही असे होते, हे विकासने कोठेसे वाचले. आम्ही दोन्ही तपासली, बरोबर होती. राऊटर बंद करून चालू केला. दोष शोधणारी सोय त्याच यंत्रात असते, ती चालवली. तिने बराच वेळ घेऊन तेच वाक्य पुन्हा सुनावले. विकासने आणखी खोल पाहिले तेव्हा यंत्र ज्याला शोधत होते त्या सर्व्हरचे नाव मिळाले. ते त्या जुन्या कार्यालयाचे होते. विकासने उलगडा केला तो असा: मोठ्या कार्यालयांत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र परवाना नसतो, सर्वांची नोंद एका मुख्य यंत्राकडे असते, आणि दर सहा महिन्यांच्या आत त्याच्याकडे हजेरी द्यावी लागते. आमचा डबा मेपासून लोहाऱ्यात नव्हता, लिलावापासून कार्यालयात नव्हता, तरी त्याचे त्याच पत्त्यावर विचारणे चालू होते.

यावर तोड म्हणून विकासने एक फुकटचा प्रोग्राम सुचवला. तो चालवला की यंत्राला वाटते आपण कार्यालयातच आहोत. खोटी हजेरी मी लावून घेणार नाही, एवढेच मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मग जलीलकाकांना फोन करा ना, बाबा." मी केला नाही. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "विद्यार्थ्याला विचारायचं म्हणजे केवढं संकट."

नोव्हेंबरात मला लोहाऱ्याला जावेच लागते. निवृत्तिवेतन चालू राहावे यासाठी आपण जिवंत आहोत हे बँकेत सांगायचे असते. माझी आणि त्या डब्याची अट जवळपास एकच, हे माझ्या लक्षात आले होते. हैदराबादहून उमरग्यापर्यंत बस आणि तेथून लोहाऱ्यापर्यंत जीप. हयातीचा दाखला झाला तसा मी थेट जलीलच्या दुकानात गेलो. पडद्यावरचा मजकूर कागदावर उतरवून घेतला होता. दोन गिऱ्हाइके बसली होती. त्यांच्यादेखत मी तो कागद टेबलावर ठेवला आणि जाब विचारला.

जलीलने कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारले, "सर, डब्याच्या मागं बघितलं का?"

मागे काय आहे, असे मी विचारले.

"त्या दिशी म्या तेच सांगायलो होतो. तुम्ही म्हणलात, शिकवू नको."

एका गिऱ्हाइकाने मान खाली घातली. मला खुर्ची दिली गेली होती. मी तोवर उभाच होतो. मी बसलो. माझ्या तोंडून जे निघाले ते जसेच्या तसे नोंदवतो. "त्या दिवशी जिथं तोडलं, तिथून पुढं सांग. मी ऐकतो."

त्याने सांगितले. कार्यालयाचा परवाना कार्यालयापुरताच असतो, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने माझ्यासाठी वेगळा, रीतसर परवाना घेतला होता आणि त्याच्या क्रमांकाची चिठ्ठी डब्याच्या पाठीवर चिकटवली होती. वीज असती तर तो क्रमांक स्वतःच यंत्रात भरून देणार होता. "आनि फोनवर सांगावं म्हणलं, तर सर, तुम्हाला दुसऱ्यांदा शिकवायची हिंमत झाली न्हाय," तो म्हणाला. गट का सोडलास, असे मी विचारले. त्यावर त्याने चहा मागवला.

मी तेथूनच विकासला फोन लावला. त्याने डबा भिंतीपासून ओढला. पंचवीस अक्षरांचा क्रमांक तेथे होता, वर जलीलच्या हाताने लिहिलेली ओळ: सरांसाठी. विकासने तो यंत्रात भरला, ते एकदा बंद होऊन चालू झाले, आणि कोपरा कोरा झाला. माझ्या खिडकीपासून ती चिठ्ठी दोन हातांवर होती.

त्याच दुपारी जलीलच्या दुकानात बसून मी गटावर लिहिले, की संगणक एक नंबरचा आहे, विकणारा एक नंबरचा आहे आणि चूक मुख्याध्यापकाची आहे. या वेळी हसरे चेहरे आले नाहीत. त्या लिखाणात जलीलला फसवणारा ठरवल्याबद्दल माझी माफीही आहे. हा लेख त्याच खुलाशाची विस्तृत प्रत समजावी.

वडिलांच्या अटीचा अर्थ मी आयुष्यभर अंतराशी लावला. उमरगा चालेल, सोलापूर कदाचित, हैदराबाद बहुधा नाही, असा हिशेब मांडत राहिलो. जलील माझ्यापासून एका हातावर उभा राहून बोलत होता, तेव्हा मला ऐकू आले नाही. घर म्हणजे काय, असे आता कोणी विचारले तर मी त्या दुकानातल्या खुर्चीकडे बोट दाखवीन. मी अर्ध्यात तोडलेले बोलणे तेथे सहा महिने तसेच राखून ठेवले होते.

डबा आता कोणत्याही कार्यालयाला विचारत नाही. बँकेतल्या बाईंनी मलाही सांगितले, की पुढच्या वर्षी येण्याचे कष्ट घेऊ नयेत. मोबाइलवर चेहरा दाखवला की हयातीचा दाखला हैदराबादेतूनच होतो. विकासने ती पद्धत मला दोनदा समजावून दिली आहे. बाबांना ती जमत नाही, पुढच्या नोव्हेंबरातही लोहाऱ्याला जावेच लागेल, असे तो आता सर्वांना सांगतो.

हाही वृत्तान्त खोटा आहे. तो मात्र मी खोडून काढणार नाही.