वासाचं टेबल

थोरल्या वहिनींसमोर "चालतंय की" म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. अख्खं रहिमतपूर गळक्या नळाला, वाकड्या दाराला आणि उशिरा येणाऱ्या एसटीला "चालतंय की" म्हणून मोकळं होतं. वहिनी भडकायच्या. "कुणाला चालतंय? मला न्हाई चालत," म्हणत पाना घेऊन नळाशी बसायच्या.

शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी सुतारकाम धरलं. पांगुळगाडे, पोळपाट, देवघराचे पाट करायच्या. माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, फौजेतून दमा घेऊन आलेले. ते एकटे पडू नयेत म्हणून वहिनींनी त्यांच्याच खोलीचा अर्धा भाग कामाला घेतला. करवत आणि रंधा अंगणात, जोडणी तेवढी आत. हात चालायचे वहिनींचे, तोंड चालायचं दादांचं.

त्या खोलीसाठी सांगलीच्या एका दुकानातून टेबल आणलं. भुसा दाबून केलेल्या फळीचं, वरून गुळगुळीत, पांढरंशुभ्र. दोन दिवसांत त्याच्या उग्र वासाने वहिनींचे डोळे चुरचुरायला लागले. दादांचं तर बोलणंच बंद झालं, हातातला दम्याचा पंप सुटेना. वहिनींनी दुकानात फोन केला. मालक म्हणाला, "नव्या लाकडाला वास असतोच, बाई. जाईल."

गेला नाही. खण उघडला की डोळ्यांत पाणी यायचं. वहिनींनी चार ठिकाणी विचारलं, वाचलं. फळीतल्या गोंदातून फॉर्मॅल्डिहाइड नावाचा वायू महिनोन् महिने सुटत राहतो. तो कमी सोडणाऱ्या फळ्याही मिळतात, त्यांच्यावर तसा शिक्का असतो. आमच्या फळीवर कसलाच शिक्का नव्हता.

"भावजी, टेम्पो बोलवा," त्या मला म्हणाल्या.

सांगलीत त्यांनी ते टेबल थेट मालकाच्या काचेच्या केबिनमध्ये ठेववलं. सगळे खण बाहेर ओढले, एसी चालू होता तो तसाच ठेवला आणि दार लावून घेतलं.

"बसा. चहा मागवा. चहा येईस्तवर आपण दोघं हितंच बसू."

चहा यायच्या आधीच मालक नाकाला रुमाल लावून उठला. "आवं बाई, कमी वासाचा माल महाग पडतोय. कुणी मागतच न्हाई. सगळ्यांना हेच चालतंय."

"मागत न्हाईत, कारण तुमी सांगत न्हाई!" वहिनींचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "लोकं ह्याचे पलंग करत्यात. त्यावर लेकरं निजवत्यात. तुमाला म्हाईत होतं, व्हय का न्हाई?"

टेबल त्याने ठेवून घेतलं.

मग वहिनींनी स्वतःच टेबल केलं. वरच्या भागाला जुन्या सागाच्या फळ्या घेतल्या आणि गोंदाचं बोट न लावता खाचा पाडून जोडल्या. खालच्या कप्प्याला प्लायवूड लागलं, ते शिक्का आणि त्याचा कागद पाहूनच घेतलं. कापलेल्या कडांतून वायू सुटू नये म्हणून त्याही लाकडी पट्ट्यांनी बंद केल्या. पहिल्या दिवशी दादा त्या टेबलाला टेकून बसले आणि तासभर फौजेतली तीच तीच गोष्ट सांगत राहिले. वहिनींनी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली.

पुढच्या थंडीत दादा गेले. त्यांची फुप्फुसं आधीच संपत आली होती, हे डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. भेटायला आलेला एक पाहुणा सुस्कारा टाकून म्हणाला, "एवढी भांडलीस, एवढा खटाटोप केलास. काय उपयोग झाला?"

मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. आजही तो दिसला की वाटतं. पण वहिनी बसल्या जागेवरून हलल्या नाहीत.

"उपयोग?" त्या म्हणाल्या. "शेवटचं वरीसभर माणूस माझ्याशी बोलत हुता."