मुका टीव्ही आणि आमचे बाबा

आमच्या सासऱ्यांनी उभा जन्म पत्र्याच्या कारखान्यात घण मारण्यात घालवला. आज ज्या छपराखाली मी तावातावाने बोलते, ते त्या घणाचंच. कारखान्याने पगार वेळेवर दिला आणि कान तेवढे ठेवून घेतले. माणूस तक्रार करणाऱ्यातला नव्हे. "ऐकण्यासारखं असतं तरी काय गं?" म्हणायचे, आणि टीव्ही असा लावायचे की समोरच्या बिल्डिंगला बातम्या फुकटात मिळाव्यात.

यंदा आम्ही त्यांना कानयंत्रं घेतली. माझ्या नवऱ्याला अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायची सवय. त्याने ती मोबाइलला जोडतात तशी थेट टीव्हीला जोडून टाकली. आवाज बाबांच्या कानात गेला आणि टीव्ही मुका झाला. बाबांना त्याचा पत्ताच नाही, ते खूश! सासूबाईंनी आम्हाला चकार शब्द काढू दिला नाही.

"त्यांना ऐकू येतंय ना? मला चित्र दिसतंय, पुरे."

मग रोज संध्याकाळी दोघं शेजारी बसायची. बाबा हसले की त्यांच्याकडे बघून आई हसायच्या. स्वयंपाकघरातून ते दिसायचं आणि माझ्या अगदी डोक्यात जायचं.

एकदा मालिकेतला म्हातारा लेकीशी फोनवर बोलत होता. बाबांचे खांदे गदगदायला लागले. आईंना वाटलं, हसताहेत. त्या मोठ्याने हसल्या. बाबांनी डोळे पुसत त्यांच्याकडे पाहिलं.

"तुला ऐकू येत नाहीये?"

बाबांनी यंत्रं काढून डबीत ठेवली. टीव्हीला पुन्हा वाचा फुटली, पण बाबांपुरता तो बंदच.

"राहू दे. एकट्याने कसलं बघायचं?"

दुसऱ्या दिवशीही डबी उघडली नाही, तेव्हा मी नवऱ्याला घेऊन तडक यंत्रांचं दुकान गाठलं. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून एक छोटी पेटी दिली. "ही टीव्हीला लावा, ती यंत्रांना आवाज पाठवेल. पण तिची वायर हेडफोनच्या भोकात घालू नका, टीव्ही परत मुका होईल. मागे ऑडिओ आउट आहे तिथे लावा, आणि सेटिंगमध्ये टीव्हीचा स्पीकर चालू ठेवा."

नवऱ्याने मान डोलावली, आणि घरी येऊन वायर हेडफोनच्याच भोकात खुपसली! पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच टीव्हीमागे डोकं घातलं. त्या बाईंचं भलं होवो, सांगितलं तसं केलं आणि टीव्ही बोलायला लागला. बाबांच्या कानात त्यांच्यापुरता, खोलीत आईंपुरता.

बाबांचा विश्वास बसेना. "येतंय का गं ऐकू?"

"येतंय."

थोड्या वेळाने परत, "आता येतंय?"

"हो."

जाहिरात संपली, मालिका सुरू झाली. "अजून येतंय ना?"

"अहो, गप्प बसा की! मला ऐकू द्या!"

इतकी वर्षं संसार करून बाबांनी बायकोचं रागावणं एवढ्या आनंदाने कधी ऐकलं नसेल.