उलट्या बाटल्या

गल्लीपलीकडच्या गच्चीवर कॉलमच्या सळया उभ्या आहेत. वरचा मजला कधीतरी बांधायचा म्हणून त्या तशाच सोडलेल्या. गंजू नयेत म्हणून प्रत्येकीच्या टोकावर पाण्याची रिकामी बाटली उलटी घातली आहे. ऑफिसच्या या खिडकीतून मी त्या नऊ वर्षं बघतेय.

नऊ वर्षं मी इथे बसून पुलांची ड्रॉइंग काढतेय. मुलाखतीतच मी साइटवरचं काम मागितलं होतं. "सध्या ऑफिस सांभाळा मॅडम, पुढे बघू," साहेब म्हणाले होते. तसा माणूस वाईट नाही. माझी काळजी इथे सगळेच घेतात. उन्हाची, धुळीची, मजुरांच्या तोंडच्या शिव्यांची. मी काढलेल्या पुलांवरून गाड्या जातात. त्यातल्या एकाचंही काँक्रीट ओलं असताना मी पाहिलेलं नाही. माझं हेल्मेट खणात आहे, अजून पिशवीतच.

आज समोरचे घरमालक गवंड्याला घेऊन गच्चीवर आले. गवंड्याने एक बाटली काढून सळईवर हातोडी मारली. तांबड्या खपल्या गळाल्या.

"आतून शाबूत आहे अजून," तो म्हणाला. "पण आता बांधायला घ्या."

मालकांनी त्याच्या हातातली बाटली घेतली.

"बघू पुढे," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, अगदी जपून, बाटली परत घातली.