वारुळातले सगळेच अंगावर येत होते

“मॅडम, तुमचे सहाही प्रकार मला एकच वाटले,” इम्रान म्हणाला आणि त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

इम्रान आमचा टेस्टर. गेम लोकांच्या हातात जाण्याआधी तो खेळून चुका काढायच्या, हे त्याचं काम. तो ते नको इतकं मन लावून करतो. मी गेममधले शत्रू तयार करते. ही नोकरी असते, हे नातेवाइकांना पटवण्यात माझी बरीच वर्षं गेली.

आमचं ऑफिस गारखेड्यात, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. काम परदेशातल्या कंपनीचं होतं. गेममध्ये माणसांचं यान एका परग्रहावर उतरतं आणि तिथे जमिनीखाली भयंकर जीवांचं अवाढव्य वारूळ असतं. एक राणी, आणि तिच्या हाताखाली कामं वाटून घेतलेले सहा प्रकार: खोदणारे, वाहणारे, टेहळणी करणारे, दार अडवणारे, अंडी सांभाळणाऱ्या आणि लढणारे. आमच्या कागदपत्रांत याला ‘कास्ट’ म्हणतात. मराठीत ‘जात’ म्हटलं की ऐकणाऱ्याचे कान भलत्याच कारणाने टवकारतात, म्हणून मी आपली ‘प्रकार’ म्हणते.

प्रत्येकाला मी वेगळं अंग आणि वेगळं हत्यार दिलं होतं. अंडी सांभाळणारीसुद्धा अ‍ॅसिड थुंकायची. आठ महिने मी याच वारुळात होते.

“दिसायला वेगळे आहेत की,” मी म्हणाले.

“दिसतात ना. पण मी आत गेलो की सगळे माझ्याच अंगावर येतात. मी दारात उभा राहून गोळ्या घालतो. बात खतम.”

संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर क्लायंटकडूनही हेच आलं. हॅना ही त्यांची प्रोड्यूसर, म्हणजे काम ठरल्यासारखं होतंय का ते बघणारी. ती इंग्रजीत, अगदी गोड आवाजात म्हणाली की पुढच्या शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर वारूळ गेममधून काढून टाकू. कॉल संपल्यावर आमचे टीम लीड शिरीष सर म्हणाले, “रेणुका, वारूळ गेलं तर या प्रोजेक्टवर तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काम नाही.” ते चांगले गृहस्थ आहेत, म्हणून आडवळणाने बोलले.

मला राग आला की मी काम वाढवून ठेवते. सगळ्यांचे दात वाढवले, वेग वाढवला. इम्रानने पुन्हा खेळून सांगितलं, “आता लवकर मरतो मॅडम. बोअर तेवढंच होतं.”

त्या आठवड्यात माझे वडील, अण्णा, अजिंठ्याजवळच्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले होते. आमचं घराणं मेंढपाळांचं. आता शेती आहे, पण अण्णांची निम्मी हयात मेंढरांमागे गेली. रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी आराम सांगितला होता, म्हणून ते काळा चष्मा लावून माझ्या शेजारी बसले आणि दुसऱ्या डोळ्याने स्क्रीन बघू लागले.

“ही कोन?” त्यांनी विचारलं.

“अंडी सांभाळणारी.”

“मंग अंडी सोडून तुझ्या अंगावर कशाला आली?”

“शत्रू आलाय ना, अण्णा.”

“मंग तर आजाबात सोडाया नाय पायजे.” त्यांनी चष्मा नीट केला. “लांडगा कदी एकला येत नाय. एक जण म्होरं दिसतो. समदे त्याच्या मागं पळाले की दुसरा मागनं कोकरू उचलतो. म्हनून कुत्री आन दोन गडी जायचे. वाघुरीपाशी जो बसला, त्यानं हलायचं नाय. कुनी वरडलं तरी नाय.”

वाघूर म्हणजे मुक्कामाला मेंढरांभोवती लावतात ते जाळं. “तिथं कोण बसायचं?” मी विचारलं.

“तुझी माय. एकडाव लांडग्यानं माझा हात धरला. लई वरडलो. ती उठली नाय.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“राग कशाचा? एक कोकरू गेलं नाय.”

आई जाऊन चार वर्षं झाली. हा किस्सा मला माहीत नव्हता. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि माझी चूकही तिथेच कळली. मी सहा जणांना सहा कामं दिली होती, आणि शत्रू दिसताच सगळ्यांना ती टाकून पळायला लावलं होतं.

सोमवारी मी पाच प्रकारांची हत्यारं काढून घेतली. शिरीष सरांनी कपाळाला हात लावला. “पाच दिवस उरलेत आणि तू शत्रू बिनहत्यारी करतेस?”

“लढणारे आहेत ना लढायला, सर.”

आता टेहळणारा ओरडून मागे फिरायचा. दार अडवणारा आपलं सपाट डोकं भोकात घालून बसायचा, मेला तरी तिथेच. वाहणारे अंडी खोल न्यायचे, खोदणारे त्यांच्यासाठी वाट काढायचे. अंडी सांभाळणारी हलायचीच नाही.

गुरुवारी इम्रान खेळायला बसला. एका बाजूला स्फोट करून त्याने सगळ्यांना तिकडे ओढायचा प्रयत्न केला. फक्त लढणारे गेले. मग तो एका दगडाआड लपला आणि नुसता बघत राहिला.

“अरे, शूट कर की,” सर म्हणाले.

“थांबा सर. ही अंडी कुठं नेतात ते बघू द्या.”

तो हरला, आणि कोणी न सांगता पुन्हा खेळायला बसला.

शुक्रवारी हॅनाने एकच विचारलं, “ही अंडी सांभाळणारी का उठत नाही?” मी आईची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “वारूळ राहू दे. जरा मोठं करता येईल का?”

गेम बाहेर आला तेव्हा मी गावी जाऊन अण्णांना गेमच्या शेवटी येणारी नावांची पाटी दाखवली. आभारांत आईचं नाव होतं. अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही. मी दाखवलं तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ते काढलं नाही.

“आन ही बाकीची समदी मानसं?” त्यांनी विचारलं.

“आमच्या कामाची.”

“लई लागली की.”

आता आमच्याकडे नवीन डिझायनर शत्रू काढून आणतो तेव्हा मी त्याचे दात बघत नाही. लांडगा आला तर हा काय सोडून उठणार नाही, तेवढं विचारते.